दडा

अठरा मीटर खाली, केयोनच्या समुद्रात,
एलेउतेरियोनं एकदा नाक चिमटीत धरून
कानाचा दडा सोडवायला जोर लावला.
काहीतरी फुटलं. दडा नव्हे.

पुढची सात वर्षं
डोकं दुखतं ते कॉम्प्रेसरच्या धुरानं, तो म्हणाला.
दारूनं, बायको म्हणाली.
जबडा ठणकायचा म्हणून एक धड दाढही उपटून झाली.
तोंड धुताना गार पाणी कानात गेलं
की खोली फिरायची,
आणि तो जेवणाचं टेबल धरून बसायचा,
होडीचा काठ धरावा तसा.

शेवटी दवाखान्यातल्या एर्मिंदानं
दिवा धरून आत डोकावलं.
बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, धूर, दारू, दाढ,
सगळ्यांवर आळ घेतलात,
आणि कानाकडेच कानाडोळा.

तो म्हणाला, काय?
आणि उजवा कान पुढे केला.

रात्री तो उजव्या कुशीवर झोपतो,
चांगला कान उशीत दाबून.
पाऊस, कुत्री, बायकोचं घोरणं, सगळं बंद.
मग वरचा कान सुरू होतो:
दूर कुठंतरी कॉम्प्रेसर,
आणि नळीच्या टोकाला
अजून तोच.