दीर्घ नी

पत्र मीच टाइप केलं.
फॉन्ट बिघडलेला, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या,
दोनदा प्रिंट काढावी लागली.
'श्रीमती यमुना दगडोबा खरात, बीज परीक्षक,
आपले खाजगी वर्तन कंपनीच्या प्रतिमेस अशोभनिय...'
साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहून सांगत होते
आणि काडीपेटीच्या काडीनं दात कोरत होते.

वर्तन म्हणजे काय, तर बिडी.
कादराबादेत, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर,
रात्री साडेदहाला, एकट्या,
पाण्याच्या टाकीला पाठ टेकून
खरातबाई एक बिडी ओढतात.
शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाईल धरला.
सव्वीस सेकंद.
चेहरा दिसत नाही.
एक लाल ठिपका मोठा होतो,
बारीक होतो,
मोठा होतो.
तेवढ्यावरून अख्ख्या जालन्यानं बाई ओळखली.

अकरा वर्षं त्यांनी बी मोजलं.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर-शंभर दाणे, चार वेळा.
दिवस भरले की उलगडायचं,
कोंब किती, कुजके किती,
किती नुसतेच टणक, कशालाच न पाझरलेले.
दाणा अंधारात काय करतो
हे त्यांनी कधी मध्येच उघडून पाहिलं नाही.

मागच्या हंगामात साहेबांच्या मेव्हण्याचं सोयाबीन
अठ्ठावन्न टक्क्यांवर अडलं.
साहेब म्हणाले, जरा नीट मोजा.
बाईंनी नीट मोजलं.
अठ्ठावन्नच लिहिलं.
माझ्या मते बिडी तिथं पेटली,
पण ते पत्राच्या नमुन्यात बसत नव्हतं.

गेटजवळ फ्लेक्स आहे : आपण सारे एक कुटुंब.
लावला तेव्हा मला बरं वाटलं होतं,
दिवाळीला पाव किलो सोनपापडीही मिळाली.
आता कळतंय,
कुटुंब म्हटलं की न विचारता कडी काढता येते.

आणि मी?
दर शनिवारी अंबड रस्त्याच्या ढाब्यावर,
साहेबांच्याच गाडीतून,
एक क्वार्टर, वर भुर्जी.
त्याची क्लिप कुणी काढत नाही.
गड्याच्या गच्चीला कठडा उंच असतो.

बायकोनं विचारलं, काहून काढलं बाईला?
बिडी ओढत्यात.
कंपनीत?
नाही, घरी.
मंग घर कुणाचंय?
किरायाचं, मी म्हणालो.
तिनं तव्यावरची भाकर उलथली
आणि मला वाढलंच नाही बराच वेळ.

बाई पत्र घ्यायला आल्या तेव्हा
मी स्टेपलरमध्ये पिना भरत होतो, भरलेल्याच.
त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं,
माझ्या टेबलावरचा लाल पेन उचलला.
'अशोभनीय. नी दीर्घ.'
दुरुस्त केलं, मग खाली सही केली.
जाता जाता म्हणाल्या,
'तीन नंबरच्या ट्रेमधले कागद मंगळवारी उघडा.
उशीर झाला तर बुरशी धरते.'

मंगळवारी कुणी उघडले नाहीत.
बुधवारी नवा पोरगा आला, मेव्हण्याच्याच गावचा,
त्यानं ट्रेकडं न बघता ब्याऐंशी लिहिलं.
शिक्का मी मारला.

रात्री कादराबादेवरून घरी चाललो होतो.
माझा तो रस्ता नाही.
बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद केली,
लाईटही बंद.
साडेदहा झाले असतील.
कुठंतरी कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी टीव्हीवर भांडण,
आणि हवेत, किंचित, तेंदूच्या पानाचा वास.
मान आपोआप वर जायला लागली.
मी ती धरून ठेवली,
पायाखालचा रस्ता बघत
गाडी ढकलत नेली पार चौकापर्यंत.