वजा अंधार

या गावातले दिवे मीच लावलेत.
शहात्तरचा उन्हाळा, खांद्यावर केबलचं भेंडोळं,
चौतीस खांब, आणि चर्चपाशी एक जास्तीचा,
पाद्रीबाबांच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी.
तेव्हा व्हाल्देसिएर्सोत तीनशे माणसं होती.
आता आम्ही नऊ,
आणि जळतो तो एकच, फेर्मिनाच्या दारातला.

लोक सारागोसाला गेले, बार्सिलोनाला गेले,
जाताना आपापला उजेड घेऊन गेले.
वाईट झालं, असं मी चारचौघांत म्हणतो.
रात्री दुर्बिणीचं झाकण काढताना
तसं म्हणवत नाही.

कॅमेरा रंगीत आहे. मुलानं पाठवलेला, त्याचा जुना.
त्याच्या डोळ्यात बारीक बारीक खिडक्या:
एक तांबडी, एक निळी, हिरव्या मात्र दोन.
म्हणून जे येतं ते आधी हिरवटच येतं,
शेवाळल्या हौदातून उपसल्यासारखं.
मग ते हिरवं उतरवत बसायचं,
ताप उतरवतात तसं.

आज देवयानीत शिरायचंय.
तिथे एक दीर्घिका आहे, आपल्याकडे कड करून उभी,
मधोमध धुळीची काळी रेघ.
तिचा उजेड निघाला त्याला तीन कोटी वर्षं झाली,
तेव्हा या डोंगरावर माणूस नव्हता, खांब नव्हता,
तूही नव्हतीस, असं मी फेर्मिनाला सांगितलं.
ती म्हणाली, 'म्हणजे निवांत होतं.'

'तर आजच्या रात्री तेवढा दिवा –'
'आज केशर आलंय, एलेउतेरिओ.'
चार टोपल्या जांभळी फुलं, पहाटे खुडलेली;
रात्रीतच सोलायची, नाहीतर सकाळी लगदा.
'आणि स्वयंपाकघरातल्या बल्बनं मला दिसत नाही.
हा दिवा चांगला आहे. तूच लावलास ना?'

मग काय, बसलो तिच्या समोर.
एका फुलातून तीन तांबड्या काड्या. चिमटा, ओढा, टाका.
बाकीचं फूल पायाशी.
ती बोलत नव्हती, मी बोलत नव्हतो,
सिएर्सो वारा दाराची कडी वाजवून जात होता.
बाराच्या सुमाराला टोपल्या रिकाम्या झाल्या,
ताटलीत मूठभर लाल,
आणि घोट्यापर्यंत जांभळा कचरा.
तिनं उठून बटण दाबलं.
इतका अंधार या गल्लीत
मी खांब रोवायच्या आधी होता.

तीन मिनिटांचा एक फोटो. असे एकशे दहा.
एकेकात काहीच नसतं,
नुसती वाळू, आणि वाळूत कुणी फुंकर मारल्याची शंका.
रचत जावं एकावर एक,
तेव्हा कुठे शंकेची कड धारदार होते.

पहाटे दुर्बिणीला झाकण लावून
आणखी वीस फोटो, अंधाराचे.
कॅमेऱ्याच्या पोटातही काही ठिपके पेटलेले असतात,
कुठल्याच ताऱ्याचे नसलेले.
ते नीट टिपायचे आणि वजा करायचे.
झाकणावर माझ्या अंगठ्याचा पिवळा डाग राहिला,
तो काही कशातूनच वजा झाला नाही.

सकाळी फेर्मिना आली, अंगाला निखाऱ्यांचा वास,
केशर वाळवूनच आलेली.
पडद्यावर एक सडपातळ, राखी-पिवळी रेघ,
मध्ये काळी चीर.
'एवढ्यासाठी साडेपाच तास?'
'आणि तुझं किती भरलं?'
'अठरा ग्रॅम,' ती म्हणाली,
आणि खुर्ची ओढून बसली, जवळून पाहायला.

फोटो क्रमांक सत्तेचाळीस यात नाही.
संगणकानं तो बाद केला, बरोबरच केलं.
त्यात तारे नाहीत, दीर्घिका नाही,
काठापासून काठापर्यंत नुसता केशरी उजेड:
फेर्मिनाला कोल्ह्याची चाहूल लागली होती,
दिवा लावून ती कोंबड्या मोजत होती.
तो मी वेगळा ठेवलाय.