गूढ नजर

शिवोलीच्या पोस्टात मी रजिस्टर पत्रं घेते.
"रोजच्यासारख्याच या," म्हणाले जाहिरातवाले.
गेले.
आधी घड्याळ काढलं, मग चष्मा,
मग साडी. गुडघ्यावर नेसवलं
कुणाचं तरी लुगडं,
केसांत अबोलीची फाती, ओंजळीत शिंपले.
"अजून थोडी पूर्वेकडची दिसू दे."
मी समुद्राला पाठ करून वळले.
कुणीतरी हसलं. मान धरून परत फिरवली.

आता म्हापशाच्या स्टँडवर मी दुमजली.
खाली क्रीमची डबी, आणि अक्षरं :
पूर्वेची गूढ नजर.
एस्पेरांसा विचारते, काय गं बघत होतीस एवढं?

अगं, साडेचार नंबर आहे मला.
समोर माड की माणूस
तेच ठरत नव्हतं.
शिवाय माझ्या चपला
कुठे ठेवल्या होत्या त्यांनी,
शोधत होते.