जाऊन येते

ओसाका आमच्या साडेतीन तास पुढं.
दुपारी साडेचारला मी कूलरमध्ये पाणी भरतो
तेव्हा क्षेमाच्या खोलीत रात्रीचे आठ.
पाइपाचा आवाज ऐकला की फोनवर विचारते,
"बाबा, पाणी भरून राह्यले का?"
तिच्यासोबत कामाला पुण्याची एक पोरगी आहे, ती हसते म्हणे :
भरून राह्यले, खाऊन राह्यली,
तुमच्या नागपुरात प्रत्येक काम मुक्कामालाच येते का?

मी आर.एम.एस.च्या डब्यात चौतीस वर्षं टपाल लावलं.
नागपूर ते इटारसी, रात्रभर, उभ्यानं, हलत्या गाडीत.
पिनकोड वाचायच्या आधी हाताला गाव कळायचं.
तर पोरगी मला कचऱ्याचं सांगते :
सोमवारी जळणारा,
बुधवारी बाटल्या, त्याही धुवून,
झाकण वेगळं, अंगावरचा कागद वेगळा,
फुटका तवा महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी.
पहिल्याच आठवड्यात तिची पिशवी
पिवळी चिठ्ठी लावून तिथंच ठेवली होती, कोणी नेली नाही.
मी म्हटलं, बरोबरच आहे,
पत्ता चुकला की पत्र परत.
आतून तिची माय ओरडली,
"पोरगी रडून राह्यली, अन् तुम्ही
पोस्टाच्या गोष्टी सांगून राह्यले!"

त्या दिवसापासून मी ओला-सुका वेगळा करतो.
इंदोऱ्यात घंटागाडी येते गाणं वाजवत,
गाडीवाला माझ्यादेखत दोन्ही डबे एकात ओततो.
मी तरी करतो.

सहा वर्षांची होती तेव्हा दीक्षाभूमीवर
तिनं जपानी बायांचा एक जथा पाहिला.
एवढ्या गर्दीत, एवढ्या धुळीत
त्यांनी चपला काढल्या, एका रेषेत, तोंडं बाहेरच्या बाजूला,
जशा काही चपलाच आता निघणार आहेत.
क्षेमा त्या रेषेपाशी उभी राहिली ती हलेना.
मला वाटते, तिचं तिकीट तिथंच फाटलं.

हामादा आजी एक्क्याण्णव वर्षांच्या.
क्षेमा त्यांना आंघोळ घालते, नखं कापते,
संत्रं सोलून देते. तिथलं संत्रं बारकं, साल सैल,
गोड आहे, म्हणते.
मी यावर काही बोलत नाही.
आजींना कालचं आठवत नाही, म्हणून रोज नव्यानं विचारतात,
कुठली गं तू?
नागुपुरु, ती सांगते, त्यांच्या तोंडात बसेल असं.
फार दूर आहे का?
नाही आजी. साडेतीन तास.

धरमपेठेतल्या क्लासात मॅडमनं शिकवलं होतं,
घरातून निघताना म्हणायचं : इत्तेकिमासु.
इंग्रजीत फळाभर अर्थ लिहिला.
क्षेमा मागच्या बाकावरून म्हणाली,
मॅडम, जाऊन येते. एवढंच ना?
अन् परत आलं की तादाइमा.
मग आतल्या माणसानं काहीतरी म्हणायचं असते,
तो शब्द मला सांगितला होता तिनं,
माझ्या लक्षात राहिला नाही.

परवा बोलता बोलता तिनं फोन खिशात टाकला.
किल्ली ऐकू आली. दार. बुटांची चेन.
मग तिचा आवाज, अगदी हळू, रिकाम्या खोलीला :
तादाइमा.

खोली काय बोलणार.
फ्रिजनं घुर्र केलं असेल.
पाइप माझ्या हातात, कूलर भरून वाहू लागलेला,
अन् मला तो शब्द काही केल्या आठवेना.
चौतीस वर्षांत एक पाकीट चुकीच्या खणात टाकलं नाही मी.
शेवटी जे तोंडात आलं ते म्हटलं,
"आली काय वो माय?"

बराच वेळ काही नाही.
मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.
"हो बाबा. येऊन राह्यली."

व्हिसा अजून तीन वर्षं वाढला
हे तिनं नंतर सांगितलं, भात लावता लावता.
मी नळ बंद केला.
गच्चीभर पाणी झालं होतं, गरम,
चपला तरंगत जिन्यापर्यंत गेल्या होत्या.