भरून पावले

बॅनरवर ठचा ट झालाय.
'वेटबिगारी मुक्ती दिन, खारीचा पाडा, वर्ष एकेचाळिसावं.'
इंग्रजी शाळेतली पोरं मोठ्यानं वाचतात,
वेट, बिगारी! थांब, बिगारी!
आणि हसत सुटतात.
फ्लेक्सवाला म्हणाला, आता पुढच्या वर्षी बघू.

मी हिलमांची. नर्सिंग झालेली,
म्हणून माईक माझ्याकडे.
मंडप टॉवरच्या भिंतीला लागून.
बाल्कन्यांतून माणसं मोबाइल धरून बघतात,
त्यांना वाटतं कुणाची तरी हळद आहे.
वॉचमनकडून निरोप आलाय : दहाच्या आत आटपा.

लिफ्ट आहे तिथे खळं होतं.

हिरूआतेचं लग्न साठ रुपयांत झालं.
साठ रुपये, दोन मण भात, एक लुगडं,
आणि कागदावर चांगूकाकाच्या अंगठ्याचा डाग.
आईने घातलेले चांदीचे वाळे
शेठने ठेव म्हणून काढून घेतले.
पुढे सव्वीस वर्षं तो डाग दोघांना राबवत होता.
लावणी, झोडणी, शेणाच्या पाट्या,
बांधाला खांड पडली की उधाणात
छातीभर पाण्यात उभं राहून चिखल थापायचा,
आणि शिमग्याला वही उघडली की
साठाचे एकशे दहा.

त्र्याऐंशीच्या मार्गशीर्षात तहसीलदार जीपने आला.
टेबल मांडलं. एकेकाला हाक मारून
एकेक कागद दिला, कुणालाच न वाचता येणारा.
काकाने घडी करून तो
कोयत्याच्या आकडीत खोचला
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, नेहमीसारखा,
शेठच्या गोठ्याकडे निघाला.

आतेने दारात काठी आडवी घातली.

तो दिवस दोघं घरात बसून होते.
हातांना काय सांगायचं ते सुचेना.
काका म्हणे सारखा उठायचा, पाणी प्यायचा, परत बसायचा.
आम्ही पाळतो तो हा दिवस.
कागदाचा नाही. बसून राहिल्याचा.
सकाळी चूल पेटत नाही,
शिळी भाकरी, सुका जवळा,
दुपारपर्यंत अंगणात नुसतं बसायचं.
कंपनीत जाणारे रजा टाकतात,
अर्जात लिहितात, घरगुती कारण.

संध्याकाळी मात्र कार्यक्रम.
प्रमुख पाहुण्यांचं आडनाव वाचताना मी अडखळले नाही,
आरशासमोर सराव केला होता.
त्याच शेठचा नातू. नगरसेवक.
मंडप त्याचा, खुर्च्या त्याच्या, पुलाव त्याचा.
माणूस वाईट नाही, नळाची लाइन त्यानेच आणली.

शाल दिली, नारळ दिला.
आते खुर्चीच्या कडेला बसली, पाठ न टेकता.
मी माईक पुढे धरला :
आते, आज काय वाटतं?
उत्तर आठवडाभर पाठ करून घेतलं होतं,
भरून पावले म्हण, दोनच शब्द.
ती माईककडे बघत राहिली
तव्याची धग अदमासावी तशी.
मग पाहुण्याकडे वळली, आणि हळूच,
पण माईक चालू होता :

"माजे वाळे हात का रं घरात अजून?"

स्पीकर चांगले होते. बाविसाव्या मजल्यापर्यंत गेलं असेल.
पाहुणा आधी हसला.
मग इकडेतिकडे बघितलं त्याने, मग घड्याळाकडे.
माझ्या कागदावर पुढचं लिहिलेलं होतं :
लहान गट, समूहनृत्य.
पोरं पिसं लावून पडद्याआड तयार.
मी कागद पालथा घातला.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठलं नाही.
चारशे माणसं नुसती बसून.

आतेने आता पाठ टेकली होती.
नारळ मांडीत, पाय लांब सोडलेले,
घोट्याजवळ काही नाही, नुसते घोटे,
आणि वॉचमन दोनदा येऊन गेला.