जोड्या

डेल्फझाइलचा वृद्धाश्रम, तिसरा मजला.
वुब्बो डायकेमाच्या पुढ्यात मी दोन-दोन पत्ते टाकते.
यातलं कोणतं? बरं, आता या दोघांतलं?
कुठं राहायला आवडेल, एवढंच विचारायचं.
पाच जागा, दहा जोड्या,
आणि ‘दोन्ही सारखंच’ म्हणायची सोय नाही.

जन्मभर त्यानं कालव्याची दारं उघडली, मिटली.
पाणी वर की खाली, असल्या प्रश्नांना तो सरावलेला.
लेकीचं घर की हा आश्रम? लेकीचं.
आश्रम की कालव्यावरचं जुनं घर? आश्रम.
जुनं घर की लेकीचं?
‘जुनं,’ म्हणाला, इतक्या चटकन
की मीच पत्ता पुन्हा वाचून दाखवला.
‘जुनंच.’

रात्री ग्रोनिंगेनला आकडे बसवले.
माझं मॉडेल साधं आहे. ते धरून चालतं
की माणसाच्या आत एक पट्टी असते,
एका टोकाला नको, दुसऱ्याला हवं,
आणि प्रत्येक गोष्टीला तिच्यावर आपली जागा.
तोलताना हात जरा हलतो,
त्याची सूट आम्ही आधीच धरलेली,
घंटेच्या आकाराची, मोजूनमापून.

एकशे बेचाळीस जण निमूट बसले पट्टीवर.
वुब्बो बसेना.
लेक आश्रमाच्या वर, आश्रम घराच्या वर, घर लेकीच्या वर:
तिघांनी हात धरून फेर धरलेला.
‘विसंगत,’ रेम्मेल्ट म्हणाला. ‘गाळ. एकानं काय अडतं?’
मी गाळलं नाही.
सुसंगतीचा आकडा दुसऱ्या दशांशात घसरला.

गुरुवारी सह्यांसाठी पुन्हा गेले.
तो खिडकीत, सुतळीला गाठी मारत.
‘माझं काय चुकलं म्हणे?’
कोण बोललं होतं कुणास ठाऊक.
म्हटलं, यात चूक-बरोबर नसतं.
‘मग?’

मग बराच वेळ नुसती सुतळी.
‘लेकीकडं नात आहे.
इथं रात्री बेल दाबली की माणूस येतं.
त्या घरात आल्त्ये जिन्यावरून पडली,
मी खाली दारावर होतो, बोट पार करत होतो.
पण लेकीकडं पाण्याचा आवाज नाही गं.’
एक गाठ सोडली, तीच पुन्हा मारली.
‘पत्ता तोच असतो.
शेजारी कोण ठेवतेस, त्यावर त्याचं तोंड बदलतं.’

निघताना त्यानं माझ्या हातातला गठ्ठा घेतला,
दोन पत्ते काढून माझ्यापुढं टाकले.
‘आता तू.’
कालव्यावरचं घर. लेकीचं घर.
बस चार-चाळीसची होती.
मी लेकीचं उचललं.
मला लेक नाही, हे त्याला सांगितलं नाही.