टेकू

कोंढव्याहून शेळीचा गुडघा आणते मी,
थर्मोकोलच्या डब्यात, बर्फात पुरून,
स्कूटरवर पायांपाशी.
विद्यापीठ चौकात सिग्नलला शेजारचा विचारतो,
आइस्क्रीम का?
मी हो म्हणते. काय सांगणार.

पाषाणला, दुसऱ्या मजल्यावर,
इरफाना कूर्चा खरवडते
शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी.
एन्झाइममध्ये रात्रभर ठेवली की पेशी सुट्या होतात.
सुट्या, आणि सैरभैर.
त्यांना घर लागतं, असं सगळे लिहितात.
मला वाटतं, त्यांना नुसतं धरायला काहीतरी लागतं.

म्हणून हे जेल. समुद्रशेवाळाचं,
थोडं जिलेटिन, वरून कॅल्शियम,
बाकी पाणीच,
उभं राहायला शिकवलेलं पाणी.
घट्ट झालं तर पेशी आत गुदमरतात.
सैल राहिलं तर तळाला बसतात
चहाच्या चोथ्यासारख्या.

पाचवी खेप नवव्या दिवशी विरघळली.
सकाळी डिश उघडली तर गुलाबी पाणी,
आकार कशालाच नाही.
बेहेरे मॅडमनी चष्मा पुसला,
पुन्हा लावला,
म्हणाल्या, बरं.

रात्री वारज्याला, अण्णा कठड्याला धरून
जिना चढत होते. एक पायरी, मग तीच पायरी दुसऱ्या पायानं.
चाळीस वर्षं सेंट्रिंग. अर्ध्या कोथरूडचे स्लॅब
त्यांच्या बल्ल्यांवर निजून घट्ट झाले.
मी म्हटलं, जेल लवकर गेलं.
जेल त्यांना कळलं नाही. लवकर कळलं.

'बल्ली कितव्या दिवशी काढली?'
नवव्या. मी नाही काढली, आपोआप निघाली.
'मग बसणारच की. एकवीस दिवस, बाई.
मालक घाई करतो, त्याचे पैसे अडकलेले असतात.
आपण रोज पाणी मारायचं आणि गप्प राहायचं.
काढायच्या तरी एकदम नाही.
मधल्या आधी, भिंतीलगतच्या शेवटी,
आणि कान देऊन.
सुटताना लाकूड बोलतं.'
मग गुडघा चोळत, सहज विचारल्यासारखं,
'हे तुझं माझ्यात बसेल का गं?'
अजून शेळीतसुद्धा नाही बसलं, अण्णा.
ते हसले. मला हसता आलं नाही.

सहाव्या खेपेत बंध दोन जातींचे घातले.
काही पाण्यानं झिजतील.
काही फक्त पेशींनीच कातरायचे,
स्वतःचं विणून झाल्यावर,
जेवढं विणलं तेवढेच.
कागदावर हे सोपं दिसतं.

आज चौदावा दिवस.
मीडियम बदलते, पाणी मारल्यासारखं.
चिमट्यानं हलकेच दाबलं तर
दबलं,
आणि थोडं थांबून वर आलं.
वहीत लिहिलं: वर आलं. पुढे काही लिहिलं नाही.

सदतीस अंशांवर इनक्युबेटर घुमतोय.
दाराला कान लावून उभी आहे मी.
इरफाना मागून विचारते, काय ऐकतेस?
लाकूड, मी म्हणते.